तीस दिवसांत कादंबरी : एका लेखनसंकल्पाचा इतिहास आणि मराठी संदर्भ

सेक्टर २, भिलाई (छत्तीसगड) : एक नोव्हेंबरच्या पहाटे कोऱ्या पानाने आरंभ करावयाचा आणि तीस नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपूर्वी पन्नास हजार शब्दांच्या कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण करावयाचा, असा संकल्प जगभरातील हौशी लेखक पंचवीस वर्षे करीत आले. इंग्रजीत ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’ आणि संक्षेपाने ‘नॅनोरायमो’ या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम चालविणाऱ्या अमेरिकी संस्थेने ३१ मार्च २०२५ रोजी आपले काम थांबवीत असल्याचे जाहीर केले. संस्था बंद झाली असली तरी नोव्हेंबर महिना दरवर्षी येतोच आणि लिहिण्याची इच्छा असणारी माणसेही आहेतच. त्यामुळे हा संकल्प नेमका काय होता, तो का चालला, का थांबला आणि मराठीत लिहू इच्छिणाऱ्याने त्यातून काय घ्यावे, याचा आढावा येथे घेतला आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. भिलाईच्या सेक्टर २ सारख्या औद्योगिक वसाहतीत मराठी घरात बोलली जाते, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी असते आणि रस्त्यावर हिंदीबरोबर छत्तीसगडी ऐकू येते. अशा ठिकाणी मराठीत सलग पन्नास हजार शब्द लिहिणे ही साहित्यिक हौस तर असतेच. घरापुरती उरलेली भाषा किती दूरवर साथ देते, याची ती परीक्षाही असते.

उपक्रमाचा आरंभ

या उपक्रमाची सुरुवात जुलै १९९९ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को परिसरात झाली. ख्रिस बेटी या तरुणाने आपल्या मित्रपरिवारातील मंडळींना एकत्र केले आणि एकूण २१ जणांनी एका महिन्यात कादंबरी लिहिण्याचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी, म्हणजे २००० मध्ये, हा उपक्रम नोव्हेंबर महिन्यात नेण्यात आला. त्या दिवसांत तेथील हवामान उदास असते, माणसे घरात बसतात, तेव्हा लिहिण्यास तोच काळ बरा, असा त्यामागील विचार होता. त्या वर्षी सहभागींची संख्या १४० झाली. २००१ मध्ये ती सुमारे पाच हजारांवर गेली आणि मित्रांचा खेळ जागतिक उपक्रम बनला. पुढील काळात एका वर्षातील सहभागींची संख्या लाखांच्या घरात पोहोचली. भारतातील शहरांतूनही लेखक त्यात उतरू लागले.

पन्नास हजार हा आकडा कोणत्याही साहित्यशास्त्रातून आलेला नाही. बेटी यांनी आपल्या संग्रहातील एका लहानशा कादंबरीवरून तो अंदाजाने ठरविला होता. नोकरी सांभाळून महिनाभरात गाठता येईल इतका तो लहान होता आणि लिहून झाल्यावर ‘ही कथा नव्हे, कादंबरी’ असे म्हणता येईल इतका मोठाही होता. तीस दिवसांत भागल्यास रोजचे १,६६७ शब्द होतात. हाच आकडा पुढे या उपक्रमाची ओळख ठरला.

नियम मोजकेच होते. कथानकाचा आराखडा, पात्रांची टिपणे, संदर्भ यांची तयारी आधी करण्यास मुभा होती. प्रत्यक्ष लेखन मात्र एक तारखेपासूनच सुरू करावयाचे होते. परीक्षक नव्हते, क्रमांक नव्हते, रोख पारितोषिक नव्हते. जो कोणी पन्नास हजारांचा टप्पा गाठेल तो विजेता मानला जाई. शहरोशहरी स्वयंसेवक एकत्र बसून लिहिण्याचे मेळावे भरवीत. ग्रंथालयात, चहाच्या दुकानात, कोणाच्या तरी घरी दहा-पाच माणसे शेजारी बसून निमूट लिहीत असत. पुढे एप्रिल आणि जुलै महिन्यांत सैल नियमांची लेखनशिबिरेही सुरू झाली. बेटी यांनी या अनुभवावर २००४ मध्ये पुस्तक लिहिले आणि २०१२ च्या आरंभी ते संस्थेच्या प्रमुखपदावरून दूर झाले.

अशा प्रकारचा हा पहिलाच प्रयोग होता असेही नाही. कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९७७ पासून तीन दिवसांत कादंबरी लिहिण्याची स्पर्धा भरत आली आहे. महिनाभराच्या संकल्पाचे वेगळेपण हे, की तो सुटी काढून नव्हे, रोजचे जगणे चालू ठेवून पूर्ण करावयाचा होता.

काय साधले

या महिन्यांत लिहिले गेलेले बहुतेक खर्डे टेबलाच्या खणातच राहिले आणि तसे ते राहणार, हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते. तरीही काही पुस्तके पुढे वाचकांपर्यंत पोहोचली. सारा ग्रुएन यांची २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘वॉटर फॉर एलिफंट्स’, एरिन मॉर्गनस्टर्न यांची २०११ मधील ‘द नाइट सर्कस’ आणि रेनबो रॉवेल यांची २०१३ मधील ‘फॅनगर्ल’ या कादंबऱ्यांचे मूळ अशा नोव्हेंबरमधील लेखनात आहे. परंतु ही उदाहरणे सांगताना त्यांचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. ‘द नाइट सर्कस’चे साहित्य एकाहून अधिक नोव्हेंबर महिन्यांत जमले आणि त्यानंतर त्याचे मोठे पुनर्लेखन झाले. तीस दिवसांत तयार झाला तो कच्चा माल होता. कादंबरी घडण्यास पुढे वर्षे लागली.

टीकाही झाली. अमेरिकी समीक्षक लॉरा मिलर यांनी २०१० मध्ये या उपक्रमावर लिहिताना, जगाला आणखी लेखकांपेक्षा चांगल्या वाचकांची गरज अधिक आहे, अशा आशयाची भूमिका मांडली. अपुरे खर्डे डिसेंबरमध्ये प्रकाशकांकडे धाडले जातात, अशीही तक्रार वारंवार होत असे. या आक्षेपांत तथ्य आहे. मात्र जो स्वतः कादंबरी लिहून पाहतो तो दुसऱ्याची कादंबरी अधिक सावधपणे वाचतो, हाही अनेकांचा अनुभव आहे.

संस्था का थांबली

संस्थेच्या अडचणी २०२३ पासून उघडपणे समोर आल्या. संस्थेच्या चर्चामंचांवर अल्पवयीन सहभागींच्या सुरक्षिततेकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, अशा तक्रारी झाल्या आणि ते मंच बंद करावे लागले. स्वयंसेवकांचे जाळे विसकटले. सप्टेंबर २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासंबंधी संस्थेने काढलेल्या निवेदनाने वाद आणखी वाढविला. लेखनासाठी अशा यंत्रणांचा वापर सरसकट निषिद्ध मानण्यात वर्गभेदाची आणि अपंग व्यक्तींविषयीच्या अनास्थेची छटा आहे, असे त्या निवेदनात म्हटले होते. त्यावर लेखकवर्गातून तीव्र प्रतिक्रिया उमटली. संस्थेशी जोडलेले काही नामवंत लेखक बाहेर पडले. आर्थिक ओढाताणही होतीच. अखेर मार्च २०२५ मध्ये काम थांबविण्याची घोषणा झाली.

या वादातून एक गोष्ट स्पष्ट झाली. पन्नास हजार शब्दांचा हा हिशेब सुरुवातीपासून केवळ विश्वासावर चाललेला होता. आज एखादे यंत्र तेवढे शब्द काही मिनिटांत समोर ठेवू शकते. त्यामुळे आकडा दुसऱ्यास दाखविण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. ज्याने ते शब्द रोज बसून स्वतः लिहिले, त्याच्यापुरताच त्याला अर्थ आहे. आणि विचार करता तो पूर्वीही तेवढाच होता.

वेगाने लिहिलेली मराठी पुस्तके

मुदतीत लिहिणे ही मराठीला नवी गोष्ट नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्ष्यांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. साप्ताहिकाचा पुढचा अंक निघावयाचा तर पुढचे प्रकरण तयार असलेच पाहिजे, हे बंधन आजच्या रोजच्या शब्दसंख्येहून सौम्य नव्हते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून शरद ऋतूतील ठरलेल्या तारखेपूर्वी मजकूर देण्याची सवय मराठी लेखकांच्या अंगवळणी पडली. बाबुराव अर्नाळकर यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईक यांच्या रहस्यकथांची संख्याही हजाराच्या पुढे आहे. रेल्वेच्या प्रवासात आणि गावोगावच्या वाचनालयांत ही पुस्तके वाचून अनेकांना वाचनाची गोडी लागली.

गंभीर साहित्यातही अशी उदाहरणे आहेत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या काही दिवसांत लिहिली. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, साधारण दोन आठवड्यांत लिहून काढली आणि पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ती त्याच वर्षी प्रसिद्ध केली. मराठी कादंबरीची वाट बदलणाऱ्या पुस्तकांत तिची गणना होते.

मराठीबाहेरचे प्रसिद्ध उदाहरण दस्तयेव्स्कीचे आहे. एका प्रकाशकाशी केलेल्या करारानुसार १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नसती तर पुढील नऊ वर्षे त्याची पुस्तके मोबदला न देता छापण्याचा अधिकार त्या प्रकाशकास मिळणार होता. दस्तयेव्स्कीने आन्ना स्नित्किना या लघुलेखिकेला तोंडी सांगून, ऑक्टोबर महिन्यात, २६ दिवसांत ‘द गॅम्बलर’ पूर्ण केली. पुढच्या वर्षी दोघांचा विवाह झाला.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. लेखणी काही दिवस चालली, पण लिहिण्याजोगे जे होते ते आधी अनेक वर्षे साठत आलेले होते. श्यामची आई गुरुजींच्या बालपणापासून त्यांच्या मनात होती. खानदेशातून पुण्यास शिकण्यासाठी आलेल्या मुलाचे जग नेमाडे यांनी आधी जगून घेतले होते. जुगाराचे व्यसन दस्तयेव्स्कीने स्वतः भोगले होते. महिनाभराचा संकल्प साठा निर्माण करीत नाही. असलेला साठा बाहेर काढण्यास तो भाग पाडतो. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे हा संकल्प कोणास उपयोगी पडेल, हेही कळते. ज्या कादंबरीस दफ्तरे चाळावी लागतात, प्रवास करावे लागतात, तिला हा मार्ग नाही. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मागे वर्षांची तयारी होती. जे आधीच माहीत आहे, पण सांगितलेले नाही, त्यासाठी महिना पुरतो.

भिलाईचा साठा

भिलाईत असा साठा आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. योगायोग असा, की त्याच वर्षी, त्याच महिन्यात कादंबरीलेखनाचा संकल्पही प्रथमच नोव्हेंबरमध्ये पार पडला. राज्याचा स्थापनादिन आणि लेखनाचा पहिला दिवस येथे एकाच तारखेस येतात.

कारखान्यासाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे आली आणि त्यांच्यासाठी सेक्टरांची नगरवसाहत उभी राहिली. सेक्टर २ हा तिचाच एक भाग. येथे पत्ता सांगताना पेठेचे किंवा आळीचे नाव येत नाही. स्ट्रीटचा क्रमांक, क्वार्टरचा क्रमांक आणि सेक्टर एवढेच येते. एका भिंतीपलीकडे बंगाली किंवा मल्याळी कुटुंब, दुसरीकडे तेलुगू किंवा ओडिया, असा शेजार येथील पिढ्यांनी अनुभवला. घराचे दिवस कारखान्याच्या तीन पाळ्यांवर मोजले गेले. नागपूरहून हावडा मार्गाच्या गाडीने येणारे पाहुणे, येताना आणलेले मराठी अंक, सुटीत गावी गेल्यावर ‘तुमची मराठी हिंदीसारखी वाटते’ म्हणून झालेली थट्टा, अशा गोष्टी येथील अनेक मराठी घरांत सांगितल्या जातात.

अडचण अशी, की अशा वसाहतीतील घर हे नोकरीशी बांधलेले असते. निवृत्तीनंतर सामान्यतः क्वार्टर सोडावे लागते. कोणी नागपूरला जातो, कोणी मुलांकडे पुण्यास, कोणी रायपूर किंवा दुर्गमध्ये घर बांधतो. गावातील वाडा ओस पडला तरी उभा राहतो आणि आठवणींना जागा राहते. क्वार्टरमध्ये दुसरे कुटुंब येते आणि दारावरची पाटी बदलते. कारखान्याच्या आरंभकाळात आलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. तिच्याजवळचे कथन मुख्यतः तोंडी आहे. ते लिहून ठेवण्यासाठी ‘सवड मिळेल तेव्हा’ हा मुहूर्त उपयोगाचा नाही. एक ठरलेला महिना आणि एक ठरलेली शेवटची तारीख येथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडू शकते.

कोणत्या भाषेत लिहावे, हा प्रश्न या प्रदेशातील मराठी लेखकांपुढे पूर्वीही आला आहे. माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले; लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत नेले. जवळच्याच राजनांदगाव येथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, पण त्यांनी हिंदीत लिहिले आणि आधुनिक हिंदी कवितेत अग्रस्थान मिळविले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथे’ या त्यांच्या कादंबऱ्या मराठीच्या झाल्या. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषा निवडल्या आणि दोन्ही भाषा संपन्न झाल्या. मराठीत लिहिणे हे येथे कर्तव्य म्हणून लादता येणार नाही. परंतु ज्या आठवणी मराठीत घडल्या त्यांना मराठीत उतरण्याची संधी एकदा तरी मिळावी, एवढे म्हणता येईल.

मराठीत शब्दांचा हिशेब

पन्नास हजार हा आकडा इंग्रजी लेखन समोर ठेवून ठरलेला आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘शेजाऱ्यांच्या घरातसुद्धा’ या दोन शब्दांत जे येते त्यासाठी इंग्रजीत पाच-सहा शब्द खर्ची पडतात. म्हणजेच मराठीतील पन्नास हजार शब्दांत इंग्रजीतील तेवढ्याच शब्दांपेक्षा अधिक मजकूर मावतो. ‘मराठीत माझी गती कमी पडते’ असे वाटणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. ज्याला पूर्ण आकडा जड वाटतो त्याने पंचवीस हजारांचे, म्हणजे रोज सुमारे ८३४ शब्दांचे लक्ष्य ठेवले तरी चांगली लघुकादंबरी हाती येते.

हाताने लिहिणाऱ्याने एका पानावर सरासरी २०० शब्द धरले तर रोज आठ-नऊ पाने आणि महिन्याअखेरीस २५० पाने होतात. संगणकावर किंवा मोबाइलवर लिहिणाऱ्याने युनिकोड पद्धतीचाच वापर करावा. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेताच विस्कटतो. मोबाइलवर हिंदीचा कळफलक असल्यास मराठीचा स्वतंत्रपणे निवडून घ्यावा, अन्यथा आपोआप सुचविले जाणारे हिंदी शब्द मराठी शब्दांची जागा घेतात. शब्दगणना मोकळ्या जागांवरून होते, त्यामुळे जोडशब्द एकच धरला जातो, हेही ध्यानात असावे. लिहिलेल्या मजकुराची दुसरी प्रत रोज वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

महिन्याचे नियोजन

पाळीच्या नोकरीत रोज सारखाच वेळ मिळत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसाची झोप, सकाळपाळीच्या आठवड्यात पहाटेची घाई असते. अशा वेळी रोजच्या ऐवजी आठवड्याचा हिशेब सोयीचा. कामाच्या २२ दिवशी १,२०० शब्द लिहिले तर २६,४०० होतात. उरलेल्या आठ दिवशी रोज २,९५० लिहिल्यास पन्नास हजार पूर्ण होतात. महिन्यात चार दिवस पूर्ण विश्रांती घ्यावयाची असेल तर इतर २६ दिवशी सुमारे १,९२५ शब्द लागतात. घर सांभाळणाऱ्या स्त्रीस सलग दोन तास क्वचितच मिळतात. तिने वीस-वीस मिनिटांच्या चार बैठका धराव्यात आणि घरातील इतरांनी त्या वेळेपुरते दार वाजवू नये, हे आधीच ठरवून घ्यावे.

दुसरा आठवडा सर्वांत कठीण जातो, असे या संकल्पात उतरलेले लेखक नेहमी सांगतात. पहिला उत्साह ओसरलेला असतो आणि शेवट दृष्टिपथात नसतो. या टप्प्यावर मागे जाऊन आधीचे दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. एखादा मराठी शब्द आठवला नाही तर हिंदी शब्द लिहून त्याखाली रेघ ओढावी आणि पुढे जावे. संवाद ज्या भाषेत झाला असेल त्याच भाषेत ठेवावेत. मराठी, हिंदी आणि छत्तीसगडी तिन्ही देवनागरीत लिहिल्या जात असल्याने वाचकाला लिपी बदलावी लागत नाही. आई मराठीत बोलते, शेजारी हिंदीत उत्तर देतो आणि भाजीवाली छत्तीसगडीत भाव सांगते, हे पानावर जसेच्या तसे उतरू शकते. प्रमाण मराठीच्या धाकाने हे संवाद पुसून टाकले तर त्या घराचा आवाजच नाहीसा होईल.

सोबत हा या उपक्रमाचा खरा आधार होता आणि तो संस्थेवाचूनही मिळू शकतो. तीन-चार परिचितांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, कोणी किती लिहिले एवढेच विचारावे, मजकूर मात्र मागू नये. घरातील ज्येष्ठांना लिहिणे झेपत नसेल तर त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी लिहून घ्यावे. दस्तयेव्स्कीची कादंबरी अशीच झाली होती.

तीस नोव्हेंबरनंतर

पन्नास हजार शब्द झाले म्हणजे कादंबरी झाली, असे नाही. मूळ संस्थाही जानेवारी-फेब्रुवारी हे महिने पुनर्लेखनासाठी राखून ठेवीत असे. खर्डा निदान महिनाभर बाजूस ठेवावा, नंतर मोठ्याने वाचावा. रेघ ओढून ठेवलेल्या शब्दांची यादी करावी. त्या यादीतून आपल्या घरातील मराठीने कोणत्या ठिकाणी साथ सोडली, हे दिसते. स्वयंपाक, सण, नातेसंबंध यांचे शब्द सहसा जागेवर सापडतात. कारखाना, कार्यालय, शाळा यांचे शब्द बहुधा हिंदी-इंग्रजी असतात. ते सर्वच बदलावेत असे नाही. भट्टीजवळ काम करणारा माणूस ज्या शब्दाने आपले काम ओळखतो, तोच शब्द कादंबरीतही शोभतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख आहे आणि त्यांतील अनेक जण महाराष्ट्राबाहेर राहतात. भाषेचे मोठेपण राजधानीत ठरते. तिचा वापर मात्र कुटुंबात, एखाद्या सेक्टरमधील दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये टिकतो किंवा संपतो. तेथे राहिलेल्या एखाद्याने तीस दिवस रोज थोडे लिहिले आणि अखेरीस त्याच्या हाती अडीचशे खरडलेली पाने आली, तर ती प्रसिद्ध होवोत वा न होवोत, क्वार्टर सोडून जाताना बरोबर नेण्याजोगी एक गोष्ट त्याच्याजवळ असेल.